पुडीतलं मूळ

३ मार्च

ताई,

सुखरूप पोचले. गाडीत खिडकी मिळाली, आणि उतरताना पाय माझेच आहेत याची खात्रीही पटली. या आजारात तेही कमी नाही. तुमच्या भावाने स्टेशनवर पिशवीचा वास घेतला आणि म्हणाले, "ताईने कुणाची बाग उपटून दिली की काय?" मी सांगितलं, पोटासाठी काढा आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला पोट बिघडलेलं चटकन पटतं. माझं शरीर माझ्याच नसांवरचं आवरण कुरतडतंय, हे मात्र अजून पटत नाही. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं होतं, की उंदराने वायरीवरचं प्लॅस्टिक खावं तसं हे चाललंय. त्यावर ह्यांचा प्रश्न, "मग उंदीर मारायचं औषध नाही का?" मी तिथेच खो खो हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले, ते त्यांना माहीत नाही.

तुमची ती चिनी वैद्यबाई मला फार आवडली. दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून ती इतका वेळ गप्प बसली की मला वाटलं, हिला डुलकी लागली. मग जीभ पाहिली. मल्टिपल स्क्लेरोसिस हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही. थकवा सकाळी जास्त की संध्याकाळी, पाय गार पडतात का, स्वप्नं पडतात का, हे विचारलं. हॉस्पिटलात माझ्या स्वप्नांची चौकशी आजवर कोणी केलेली नाही.

काढा आजपासून सुरू केला. चव विचारू नका. दातांच्या लॅबमध्येही आजपासून पुन्हा रुजू झाले. उजव्या हाताची टोकाची दोन बोटं अजून बधिर आहेत. कवळीसाठी मेणात समोरचे दात कोरायचे म्हणजे डोळ्यांपेक्षा बोटांनी बघायचं असतं. जरा चुकलं की माणूस हसला तरी दुसराच कोणी हसतोय असं वाटतं. मालक म्हणाले, "सावकाश होऊ दे, घाई नाही." आमचे मालक घाई नाही म्हणायला लागले की समजून जायचं. लग्नाआधीपासून मी हे एकच काम करत आले. हा हात गेला तर मी काय करू, ताई? खरंच सांगा.

तुमची,
भावजय

११ मार्च

दातवाले,

रडगाणं पुरे. हात कुठे जात नाही, मी जाऊ देत नाही.

आधी काढ्याचं ऐक. स्टीलच्या पातेल्यात उकळतेस ना? माहीतच होतं. मातीचं भांडं आण. पहिलं पाणी अर्धं आटव, गाळ, मग त्याच चोथ्यावर दुसरं पाणी घाल आणि दोन्ही एकत्र कर. साखर घालायची नाही. नाक धरून प्यायचं आणि कोणाला शिव्या द्यायच्या असतील तर मला द्यायच्या. मला कुठे ऐकू येतात!

आता मुद्द्याचं. वैद्यबाईने तुला शेवटी काहीतरी विचारलं आणि तू मान हलवलीस. गिरणीतल्या मागांनी माझे कान खाल्ले, डोळे नाही खाल्ले. तिच्या ओठांवरून मला 'औषध' एवढंच कळलं. काय विचारत होती? आणि तू नाही का म्हणालीस?

या बाईवर माझा जीव आहे. आजवरचे सगळे डॉक्टर माझ्याशी ओरडून बोलायचे आणि मी बहिरी नसून खुळी असल्यासारखे बघायचे. ही बोलतच नाही, नाडी धरते. माझी डोकेदुखी तिने घालवली ती घालवलीच. पण म्हणून तू डोळे मिटून वागायचं नाही. तुझ्या हॉस्पिटलातल्या बाईला काढ्याचं सांग. लगेच सांग. आणि त्या माझ्या भावाला पोटाचं कशाला सांगितलंस? तो लहानपणापासून बावळट आहे, पण दुष्ट नाही.

उत्तर कागदावर लिही. फोन करू नकोस, मला त्यात नुसती घरघर ऐकू येते.

ताई

२० एप्रिल

ताई,

उशीर झाला, रागावू नका. कारण चांगलं आहे. मी बरी आहे! काल जिना कठड्याला न धरता चढले. झोप लागते. बोटांत मुंग्या येतात, म्हणजे काहीतरी जागं होतंय. एका म्हाताऱ्या गायकाची कवळी मालकांनी मुद्दाम माझ्याकडे दिली. त्याचे समोरचे दात कोरताना मेण बोटांना लागत होतं, अगदी पूर्वीसारखं. मी तिथेच तुमच्या वैद्यबाईला मनातल्या मनात मिठी मारली.

आता दुसरं. रक्ताच्या तपासणीत लिव्हरचे आकडे फार वाढलेले आलेत. डॉक्टरीणबाईंचा संशय त्यांनीच नसांसाठी दिलेल्या रोजच्या गोळीवर आहे. ती गोळी लिव्हरला त्रास देऊ शकते असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त घेणार, आणि आकडे खाली आले नाहीत तर गोळी बंद. "आणखी काही घेता का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, पाणी.

हो, रागवा. आणि वैद्यबाईनेही त्या दिवशी हेच विचारलं होतं, की दुसरं कुठलं औषध चालू आहे का. तिलाही मी नाहीच म्हटलं. ताई, तुम्ही समजून घ्या. मागे एकदा मी मालिशवाल्याकडे जाते असं नुसतं बोलले, तर डॉक्टरीणबाईंनी माझी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "मग ठरवा, कोणाचं ऐकायचं ते." मला ठरवायचंच नाही. मला गोळीही हवी आणि काढाही हवा. एकीला दुसरीचं कळलं तर दोघीही मला दारातून हाकलतील, मग मी कुठे जाऊ? सासरी गेलं की सासरचं गोड आणि माहेरी आलं की माहेरचं गोड, असं प्रत्येक बाई करतेच की. त्यात मी वेगळं काय केलं?

सोबत रिपोर्टची नक्कल पाठवते. तुम्हीच बघा.

तुमची,
भावजय

२७ एप्रिल

दातवाले,

तुझा रिपोर्ट घेऊन मी तडक वैद्यबाईकडे गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला तिने थांबवलं. आकडे बघितले आणि तिचा चेहरा उतरला. माझ्यासाठी ती नेहमी पुडीच्या कागदावर लिहून दाखवते, तसं तिने लिहिलं, "ही कुठली गोळी घेते?" मी तुझ्या रिपोर्टवर लिहिलेलं गोळीचं नाव दाखवलं. तिने हातातला कागद चुरगाळला. एवढी वर्षं मी तिच्याकडे जाते, तिला चिडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मग तिने एक पुडी माझ्यासमोर सोडली आणि त्यातल्या पांढुरक्या काड्या बाजूला काढल्या. ते एका वेलीचं सोललेलं मूळ आहे. शरीर स्वतःवरच उलटतं ना, त्याला ते लगाम घालतं. तुझी गोळीही तेच काम करते. आणि दोघांचा भार लिव्हरवरच येतो. तिने लिहिलं, "हे मूळ मी रक्त तपासत तपासत देते आणि असल्या गोळीबरोबर कधीच देत नाही. मी विचारलं होतं." शेवटच्या शब्दांखाली तिने रेघ मारली. मी तिथे मान खाली घालून बसले, जशी काही मीच खोटं बोलले.

तिचा निरोप असा. मूळ आजपासून बंद. हॉस्पिटलात आजच्या आज सांगायचं. बाकी उपचार ती नंतर बघेल, डॉक्टरीणबाईंना विचारून.

तुझ्यासाठी आधीच आणलेल्या पुड्या माझ्या कपाटात आहेत. त्या तिथेच राहतील. हे पत्र हातात पडलं की चप्पल घाल आणि हॉस्पिटलात जा. दोन्ही बायांना गोड बोलून तू तुझं लिव्हर कडू करून घेतलंस, अक्कल कुठे गहाण ठेवलीस?

ताई

३ मे

ताई,

तुम्हाला विश्वासाने सांगितलं आणि तुम्ही सरळ वैद्यबाईकडे गेलात. पुढे कोणाकडे जाणार?

गोळी काल बंद झाली. आकडे आणखी वर गेले होते. म्हणजे आता गोळी आणि मूळ एकत्र घेण्याचा प्रश्नच उरला नाही. मग काढा का थांबवायचा? गोळी मी दीड वर्ष घेतली, तेव्हा कधी जिना चढले नाही. काढ्यावर चढले. हे मी कोणाच्या सांगण्यावरून म्हणत नाही, हे माझे पाय म्हणतायत.

घरातली शेवटची पुडीही कालच उकळली. तुम्ही पाठवल्या नाहीत तर आमच्या लॅबच्या मागच्या गल्लीत एक दुकान आहे. तिथे हेच मूळ मिळतं आणि तिथे नाडीही बघत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत. मी चौकशी करून आले आहे.

आणि तुमच्या भावाला एक अक्षर जरी कळवलंत, तर हे माझं शेवटचं पत्र समजा. मी धमकी देत नाही. मला भीती वाटते, ताई. मेण पुन्हा हाताला लागायला लागलंय, ते मी सोडणार नाही.

९ मे

दातवाले,

पुड्या पाठवते आहे. रोज एक. त्या दुकानात पाऊल टाकू नकोस, तेवढं माझं ऐक.

जपून राहा.

ताई

१६ जून

प्रिय ताई,

तुमच्या एवढ्याशा पत्राने मला आधी धस्स झालं होतं. तुम्ही आणि चार ओळी! पण पुड्या आल्या आणि मी समजले, तुमचं प्रेम रागापेक्षा मोठं आहे. मागचं पत्र मी फार लागेल असं लिहिलं, ते मनावर घेऊ नका.

आता बातमी ऐका. लिव्हरचे आकडे अगदी जागेवर आले! काढा रोज घेऊनही! डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "म्हणजे गोळीच होती." त्यांनी माझ्या फाइलवर लाल शाईने लिहिलं, की ही गोळी हिला पुन्हा कधी द्यायची नाही. ताई, मला हसू आवरेना. बिचारी वैद्यबाई उगाच त्या मुळावर आळ घेऊन बसली होती. तिला हे नक्की दाखवा.

डॉक्टरीणबाई गोळीऐवजी सलाईनमधून द्यायचं दुसरं एक औषध सुरू करू म्हणतात. त्याचे तोटे वाचून दाखवले तेव्हा ह्यांचाच चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, थोडं थांबू. त्यांना ते आवडलं नाही. पण मला औषध आहेच ना, त्यांना माहीत नसलं म्हणून काय झालं?

बाकी ठीक. उकाडा फार आहे, त्यामुळे असेल, उजवा हात जरा जड वाटतो. परवा तयार कवळी हातातून पडली. डाव्या डोळ्याला धूसर दिसतं, चष्म्याचा नंबर वाढला असणार. तुम्हाला अक्षर वाकडं वाटलं तर तेवढ्यासाठीच. काढा चुकवत नाही. चवही हल्ली बरी लागते, गोडसर.

पुढच्या पुड्या लवकर पाठवा.

तुमची,
भावजय

२१ जून

अगं पोरी,

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, आणि दुसरं एक वेगळं पाकीट माझ्या भावाच्या कामाच्या पत्त्यावर. तू बोलणं टाकलंस तरी चालेल. आधी पूर्ण वाच.

काढा गोड लागतो कारण त्यात ज्येष्ठमध आहे. मूळ नाही. तू त्या मागच्या गल्लीतल्या दुकानाचं लिहिलंस आणि माझा धीर सुटला. नाही म्हटलं तर तू तिथून आणणार, आणि ते किती घालतील देव जाणे. म्हणून मी कपाटातली एकेक पुडी सोडली, ताटात पसरली, तांदळातले खडे निवडावे तसं ते मूळ वेचून काढलं आणि त्याच्याऐवजी ज्येष्ठमधाच्या काड्या घातल्या. पुड्या पुन्हा बांधल्या. वैद्यबाईला यातलं काही माहीत नाही. मला वाटलं, लिव्हर निवळेल, मग डॉक्टरीणबाई गोळी पुन्हा चालू करतील आणि तुला कधी कळायचंही नाही. तुझ्या दुखण्यावर मी शहाणपण करायला गेले.

आता नीट बघ काय झालं ते. गोळी बंद झाली त्याच आठवड्यात मूळही बंद झालं. आकडे उतरले ते कशामुळे? तुझ्या डॉक्टरीणबाईला एकच गोष्ट माहीत, म्हणून तिने गोळीला दोषी धरलं. तुला एकच माहीत, म्हणून तू मुळाला निर्दोष ठरवलंस. दोन्ही माहीत असलेली मी एकटी, आणि मी इथे तोंड मिटून बसले.

म्हणजे मेच्या सुरुवातीपासून तू काहीच घेत नाहीयेस. समजतंय का तुला? संत्र्याची साल, आलं आणि ज्येष्ठमध! त्याने खोकलासुद्धा धड जात नाही. आणि त्या जोरावर तू सलाईनला नाही म्हणालीस. हात जड झालाय तो उकाड्याने नाही. डोळा चष्म्याचा नाही. अक्षर वाकडं येतंय तेही त्याच दुखण्याने.

आता हॉस्पिटलात जा. पुडी बरोबर ने, वैद्यबाईने मुळाचं नाव लिहून दिलेला कागद सोबत जोडला आहे, तोही ने. डॉक्टरीणबाई ओरडली तर ओरडू दे. सगळं माझ्या नावावर टाक.

ताई

२६ जून

ताई,

तुझं पाकीट मला मशीनरूममध्ये मिळालं. लिफ्टमध्ये दोन माणसं अडकली होती, त्यांना बाहेर काढलं आणि मग जिन्यावर बसून वाचलं. पुन्हा वाचलं. घरी गेलो तर ती टेबलाशी बसली होती, तुझं पत्र समोर, आणि ब्लाउजचं बटण लावायचा प्रयत्न करत होती. लागत नव्हतं. मी लावलं. ती म्हणाली, "तुम्हाला पण कळलं का?" मी म्हटलं, कळलं. एवढंच आमचं बोलणं झालं.

मला राग कशाचा आला सांगू? तो काढा रोज सकाळी मीच उकळत होतो. तिची नस मला कळत नाही, पण पोट तरी आपण सांभाळतोय असं मला वाटायचं. तुम्ही दोघींनी मिळून मला चांगला आचारी केलंत.

डॉक्टरीणबाईंसमोर तिने सगळं स्वतः सांगितलं. मालिशवाल्यापासून. तुझं नाव तिने पुढे केलं नाही, हे लक्षात ठेव. बाई ओरडतील म्हणून मी तयारीत होतो, पण त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी पुडीतली एकेक वस्तू बघितली आणि त्या कागदावरचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मी फाइल मिटली होती ना त्या दिवशी? तेव्हाच हे सुरू झालं." मला आतलं शास्त्र कळत नाही, पण आमच्या धंद्यात बिघाड शोधताना दोन स्विच एकदम बंद करत नाहीत. तू एक बंद केलास, डॉक्टरीणबाईंनी दुसरा, आणि एकमेकींना सांगितलं नाही. त्यात ती अंधारात उभी.

मेंदूच्या नव्या फोटोत नवीन डाग आलेत. आजपासून स्टिरॉइडचं सलाईन आहे. डोळा परत येईल म्हणतात. हाताचं विचारलं तर म्हणतात, बघू.

तू लगेच यायची घाई करू नको. ती तुझं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते.

तुझा भाऊ

२ ऑगस्ट

ताई,

हे पत्र डाव्या हाताने सुरू केलं होतं, पण ते मलाच वाचता येईना. म्हणून उजव्यानेच लिहिते आहे, थांबत थांबत. सकाळी सुरू केलं, आता दुपार झाली.

डोळा बराचसा परतला. गोळी पुन्हा चालू केली आहे, अगदी कमी, आणि सारखं रक्त तपासतात. लाल शाईवर डॉक्टरीणबाईंनी काट मारली. पहिला रिपोर्ट काल आला, आकडे जागेवर आहेत. त्या म्हणाल्या, अजून खात्रीने बोलणार नाही, पण बहुतेक गोळी एकटी असती तर काही झालं नसतं. वैद्यबाईंचा पत्ता त्यांनी मागून घेतला. दोघी एकमेकींना काय लिहितात देव जाणे, मला दाखवत नाहीत. मी त्या लायकीची नाही, हे मला मान्य आहे.

हात आला आहे, सगळा नाही. बोटांना मेण गरम आहे की गार तेवढं कळतं. वळण कळत नाही. मालकांनी समोरचे दात माझ्याकडून काढून एका नव्या मुलीकडे दिले. मला दाढा देतात. दाढा कोणी बघत नाही. मालक फार चांगुलपणाने बोलले, त्यामुळे तिथे रडताही आलं नाही.

मी खोटं बोलले, ते माझं मी भोगते आहे. त्याबद्दल कोणावर बोट ठेवत नाही. पण तुमच्यावर माझा राग आहे, ताई, आणि तो मी लपवणार नाही, पुरे झालं लपवणं. तुम्ही साऱ्या जन्मात कधी तोंड मिटलं नाही. गिरणीत मुकादमाला सुनावलंत, सासऱ्यांना सुनावलंत, मला तर उठता बसता सुनावलंत. मग तेव्हाच का गप्प बसलात? त्या चार ओळींऐवजी इथे येऊन दारात उभं राहून मला चार शिव्या घातल्या असत्या, तर मी रडले असते, भांडले असते, आणि हॉस्पिटलात गेले असते. मी तुमच्या मायेला भिऊन कधी काही केलं नाही, तुमच्या तोंडाला भिऊनच केलं.

तुम्ही ते मूळ वेचलंत म्हणून लिव्हर वाचलं, असं हे म्हणतात. तेही खरं असेल. मला एकाच वेळी दोन्ही खरं मानायला अजून जमत नाही.

राग गेला की कळवीन, असं लिहिणार होते. पण तो कधी जाईल ते मला माहीत नाही, आणि हे सकाळी कामावर गेले की घरात मी एकटी असते. चहाची किटली भरली की मला उचलवत नाही. तेव्हा राग जायची वाट बघू नका. त्याआधीच या.